डाव्या पायाची निवृत्ती

फेरारीच्या शर्यतीच्या गाडीत गिअर स्टिअरिंगवर आला तो १९८९ साली. मुंबईच्या उपनगरांत तो त्याच्या कितीतरी आधीपासून हाताशीच होता. घाटकोपर स्टेशनबाहेर रिक्षात बसलात की पुढच्या माणसाच्या डाव्या मनगटाकडे पाहा. चार बोटांनी क्लचची तरफ दाबायची, मूठ पिळायची, तरफ सोडायची. ज्या घरांत बजाजची स्कूटर होती, त्या घरांतल्या दोन पिढ्यांनी हेच केलं. काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनीचा गिअरही जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला होता. त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी ठेवता आली आणि ड्रायव्हरशेजारी आणखी माणसं बसू शकली. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि दोन सीटच्या मधे, जमिनीतून वर येणारा गिअरचा दांडा हीच मध्यमवर्गाच्या मनातली गाडीची खूण ठरली. आता तो दांडा हळूहळू मागे पडतो आहे आणि गिअर पुन्हा स्टिअरिंगजवळ येतो आहे. या वेळी मात्र त्याने डाव्या पायाला घरी बसवलं आहे.

हा लेख त्या डाव्या पायाविषयी आहे. जरा चपळ, जोमदार, ज्यांना जाहिरातींत ‘स्पोर्टी’ म्हणतात, अशा गाड्या घेणाऱ्यांपुढे आज एक प्रश्न असतो: क्लच आणि दांडा असलेली मॅन्युअल घ्यायची की स्टिअरिंगमागे दोन कळा असलेली? या कळांना पॅडल शिफ्टर म्हणतात. पॅडल म्हणजे वल्ह्याचं पातं. आपण सायकलच्या पायट्यालाही पॅडल म्हणत असल्याने गोंधळ नको म्हणून मी इथे स्टिअरिंगमागच्या कळांना ‘पाती’ म्हणेन. उजवं पातं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा.

शोरूममध्ये हा प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून मांडला जातो. एकाला आमटी तिखट लागते, दुसऱ्याला गोडसर, तसा. मला तो तेवढाच वाटत नाही. गाडी चालवण्याच्या कामातला कोणता भाग माणसाने आपल्याकडे ठेवावा आणि कोणता यंत्राला द्यावा, याचा तो हिशोब आहे. मुलुंड ते अंधेरी या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्यासाठी हा हिशोब युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांवरच्या हिशोबापेक्षा वेगळा निघतो.

एका कामातली तीन कामं

गिअर लागतो का, इथून सुरुवात करू. पेट्रोलचं इंजिन कोणत्याही गतीला सारखाच जोर देत नाही. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर ते स्वतःला कसंबसं जिवंत ठेवतं. खरा जोर येतो तो त्याच्या ठरावीक पट्ट्यात, काही हजार फेऱ्यांच्या आसपास. चाकांना मात्र शून्यापासून शंभरच्या पुढेपर्यंत सगळे वेग हवे असतात. गिअर या दोघांमधला दलाल आहे. पहिल्या गिअरमध्ये तो इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्या घेऊन चाकांना थोड्या पण जोरकस फेऱ्या देतो. वरच्या गिअरमध्ये जोर कमी करून वेग देतो. पहारीने दगड हलवताना लांब टोक जास्त अंतर फिरतं आणि आखूड टोक जास्त जोर लावतं, तोच हा व्यवहार.

एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिन आणि चाकं यांची गाठ क्षणभर सोडावी लागते. ती सोडतो क्लच. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर दुसरी चकती दाबून बसलेली असते. पेडल दाबलं की दोन्ही सुटतात. पेटीतले दाते वेगवेगळ्या गतीने फिरत असतात, त्यांची गती जुळल्याशिवाय ते एकमेकांत बसत नाहीत. पूर्वी ही गती ड्रायव्हरच जुळवायचा. जुने ट्रकचालक ज्याला ‘डबल क्लच मारणं’ म्हणत, ते हेच: क्लच दाबून न्यूट्रल, सोडून ॲक्सिलरेटरला हलका दट्ट्या, पुन्हा क्लच, मग गिअर. १९२८च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकने गती आपोआप जुळवणाऱ्या कड्या पेटीत बसवल्या. त्या रचनेला सिंक्रोमेश म्हणतात. ती सर्रास झाली आणि डबल क्लच ही गरज न राहता कसब बनलं.

म्हणजे मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना आपण एकदम तीन कामं करतो. पहिलं, निर्णय: आता कोणता गिअर हवा. दुसरं, वेळ साधणं: क्लच कधी सोडायचा, ॲक्सिलरेटर किती द्यायचा, म्हणजे गाडी धक्का न देता पुढे सरेल. तिसरं, मेहनत: पाय दाबणं, दांडा ढकलणं. रोजच्या सरावाने ही तिन्ही इतकी एकमेकांत मिसळतात की ती वेगळी आहेत हे कळतच नाही. गेल्या शंभर वर्षांतला गिअरचा इतिहास म्हणजे ही तीन कामं सुटी करून एकेक यंत्राकडे सोपवण्याचा इतिहास. सिंक्रोमेशने वेळ साधण्यातला थोडा वाटा घेतला. पूर्ण ऑटोमॅटिकने तिन्ही घेतली. पात्यांचं वैशिष्ट्य असं, की ती मेहनत आणि वेळ साधणं घेतात, निर्णय मात्र तुमच्याकडे ठेवतात.

ब्राझील, २६ मार्च १९८९

ही विभागणी ज्याने घडवली त्याला ती तत्त्व म्हणून नको होती. त्याला जागा हवी होती. जॉन बर्नार्ड हा इंग्रज अभियंता तेव्हा फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या आखत होता. चालकाच्या बाजूला गिअरचा दांडा ठेवायचा तर त्याच्या हाताला हलायला जागा लागते, दांड्यापासून मागच्या गिअरपेटीपर्यंत सळई न्यावी लागते, आणि गाडी तेवढी रुंद होते. दांडाच काढला, गिअर बदलण्याचा हुकूम विजेच्या तारेने पाठवला आणि प्रत्यक्ष काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राकडे दिलं, तर गाडी अरुंद करता येते. सात गिअरची ही पेटी फेरारी ६४० या गाडीत बसवली.

चाचण्यांत ही गाडी वारंवार बंद पडत होती. हंगामाची पहिली शर्यत रिओ दि जानेरोजवळच्या जाकारेपाग्वाच्या मैदानावर होती, आणि गाडी शेवटपर्यंत पोहोचेल असं खुद्द फेरारीच्या गोटातही फारसं कुणाला वाटत नव्हतं. नायजेल मॅन्सेल ती शर्यत जिंकला. गंमत म्हणजे शर्यतीच्या मध्यात त्याला आत येऊन अख्खं स्टिअरिंग बदलून घ्यावं लागलं. ज्या चक्रावर ही नवी पाती बसवली होती, तेच ढिलं झालं होतं. पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधल्या सगळ्या संघांनी दांडा टाकून दिला.

शर्यतीत हे का ठरलं, ते साध्या गणिताने कळतं. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. हाताने गिअर बदलायला चांगल्या चालकाला अर्धं सेकंद लागलं असं धरलं, तर तेवढ्या वेळात गाडी १४ मीटर इंजिनाच्या ओढीशिवाय जाते. एका फेरीत असे चाळीस-पन्नास बदल असतील तर फरक मोठा होतो. शिवाय वळणावर दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, आणि भलताच खालचा गिअर पडून इंजिन फाटण्याचा धोका संगणक टाळतो.

रस्त्यावरच्या गाडीत पाती आली १९९७ साली, फेरारी एफ ३५५मध्ये. म्हणजे घड्याळ जिंकण्यासाठी झालेला शोध आठ वर्षांत ग्राहकाला ‘शर्यतीचा अनुभव’ म्हणून विकला जाऊ लागला.

कुर्ल्याचं नातं

ही गोष्ट इटलीची आहे खरी, पण तिचं एक टोक आपल्या कुर्ल्यात आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटच्या गाड्या सुरू झाल्या. फियाट ११०० पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. त्याच फियाटने १९६९ साली फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातच फियाटने स्वतः गाड्या बनवल्या. २००१ची पालिओ तिथलीच, आणि तिची १.६ लिटरची जीटीएक्स ही आवृत्ती शंभर अश्वशक्तीची, पाच गिअरची मॅन्युअल होती. तेव्हाच्या तरुणांना परवडू शकेल अशी ती खरीखुरी चपळ गाडी होती, आणि ती एलबीएस मार्गाच्या पट्ट्यात जन्मली होती. आज त्या भागात कारखान्याचा भोंगा नाही, उंच इमारती आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तिच्याबरोबर शहरातून जवळजवळ नाहीसा झाला.

नात्याचा दुसरा धागा मॅग्नेटी मारेली या कंपनीचा. ही तेव्हा फियाटच्याच कुटुंबातली होती, विजेची आणि नियंत्रणाची उपकरणं बनवणारी. फेरारीच्या त्या गिअरपेटीला हुकूम देणाऱ्या यंत्रणेत तिचा वाटा होता. तिने पुढे हीच कल्पना स्वस्त केली: साधी मॅन्युअल गिअरपेटी तशीच ठेवायची, वर एक छोटं यंत्र बसवायचं, ते क्लच दाबेल आणि गिअर ढकलेल. याला एएमटी म्हणतात. फेब्रुवारी २०१४मध्ये मारुती सेलेरिओ या यंत्रासह आली, पाच लाखांच्या आत. मॅन्सेलच्या विजयाला तेव्हा पंचवीस वर्षं होत होती.

साकीनाक्याच्या सिग्नलला सेलेरिओत बसलेल्या कुणालाही आपल्या पायाशी क्लच नसण्याचा संबंध ब्राझीलच्या शर्यतीशी आहे असं वाटणार नाही. पण आहे. शर्यतीत वेळ वाचवण्यासाठी केलेली युक्ती आपल्याकडे गुडघा वाचवण्यासाठी पोहोचली. एएमटी गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि आत बसलेल्यांच्या माना किंचित पुढे झुकतात. त्यावर विनोद खूप झाले. पण ज्यांना आधी ऑटोमॅटिक परवडतच नव्हती, त्यांनी मान झुकवून ती घेतली.

पाती तीच, मागचं यंत्र वेगळं

गाडी घ्यायला निघालेल्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्टिअरिंगमागची पाती दिसायला सगळीकडे सारखी असतात. त्यांच्यामागे चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात.

पहिलं, टॉर्क कन्व्हर्टर. इथे इंजिन आणि पेटी यांच्यात क्लचच्या चकत्यांऐवजी तेलाने भरलेली घागर असते. एका बाजूची पाखं तेल फिरवतात, ते तेल दुसऱ्या बाजूची पाखं फिरवतं. भारतात २००६ सालच्या होंडा सिव्हिकच्या ऑटोमॅटिकला पाती होती आणि मागे हीच रचना होती. नव्या रचना बऱ्याच चपळ झाल्या आहेत, पण हिचा मूळ गुण मऊपणा.

दुसरं, सीव्हीटी. यात दात्यांचे वेगळे गिअरच नसतात. कमी-जास्त होणाऱ्या दोन पुलींवरून पट्टा फिरतो आणि प्रमाण सलग बदलतं. अशा गाडीला पाती दिली की ती संगणकाने मानलेल्या पायऱ्या निवडतात. जिना नसलेल्या उतारावर खडूने पायऱ्या आखाव्यात, तसं ते आहे. उतारावर गाडी आवरायला उपयोगी, पण त्याला गिअर बदलणं म्हणणं धाडसाचं.

तिसरं, नुकतीच सांगितलेली एएमटी.

चौथं, डबल क्लच. याचा ट्रकचालकांच्या ‘डबल क्लच’शी संबंध नाही. ही दोन क्लच असलेली पेटी आहे आणि आजच्या बहुतेक जोमदार गाड्यांत पात्यांमागे ती असते. एक, तीन, पाच हे गिअर एका दांड्यावर, त्याचा एक क्लच. दोन, चार, सहा दुसऱ्यावर, त्याचा दुसरा. तुम्ही तिसऱ्यात असताना संगणकाने चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. पातं ओढलं की एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. ओढ तुटतच नाही. पोर्शेने ऐंशीच्या दशकात ही रचना शर्यतीत वापरली आणि फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फमध्ये ती विक्रीला आणली. पुण्याजवळच्या चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, ती याच जातीची. माणसाचा हात आणि पाय मिळून कितीही वाकबगार झाले तरी या पेटीच्या वेगाला गाठू शकत नाहीत. वेग हाच निकष असेल तर वाद इथेच संपतो.

मुलुंड ते अंधेरी

पण आपल्याकडे वेग हा निकष असतो का? मी मुलुंडला राहतो, कामासाठी अंधेरीला जातो. वाट ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि मग पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. समजा दर शंभर मीटरला एकदा थांबून निघावं लागलं, तर दोनशे थांबे होतात. प्रत्येक वेळी पहिला लावून निघायचं, दुसरा टाकायचा, पुन्हा थांबताना क्लच दाबायचा. म्हणजे डाव्या पायाचे सहाशे दाब, एका दिशेने. संध्याकाळी तेवढेच परत.

ताशी दहा किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात दीड मीटरही सरत नाही. तिथे शतांश सेकंदात गिअर बदलणारी पेटी आणि माझा दमलेला पाय यांच्यात वेगाचा फरक शून्य. कोस्टल रोडच्या सरळ भागातही ताशी ८० ही मर्यादा आहे, आणि चपळ गाडी तो वेग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच गाठते. पात्यांची शर्यतीतली सारी कर्तबगारी उपनगरात बिनकामाची ठरते. त्यांची खरी कमाई ही की गर्दीत त्यांना हात लावावा लागत नाही: गाडी आपोआप चालते, आणि पहाटे खंडाळ्याच्या घाटात निघालात की पाती ओढून तुम्ही गाडी ताब्यात घेता. एकाच गाडीत दोन स्वभाव मिळतात.

मात्र गर्दीत डबल क्लचची एक बाजू विक्रेते सांगत नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ‘हाफ क्लचवर खेळू नका’ म्हणून ओरडतात, कारण अर्धवट दाबलेल्या चकत्या घासतात, तापतात आणि झिजतात. रांगेत इंच इंच सरकताना डबल क्लचचा संगणक नेमकं हेच करत असतो. चकत्या कोरड्या असतील तर उष्णता जायला वाट कमी. तेलात बुडालेल्या असतील तर ती तेलाबरोबर निघून जाते. म्हणून घेताना विचारावं: क्लच कोरडा की तेलातला? आणि चालवताना पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहण्यापेक्षा थोडं अंतर पडू द्यावं, मग एकदम पुढे जावं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. रोजचा रस्ता फक्त गर्दीचाच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर अधिक सोशिक.

मग दांडा परत का आला?

इथवरच्या हिशोबाने मॅन्युअल केव्हाच हरायला हवी होती. तरी गेल्या काही वर्षांत उलट घडलेलं दिसतं. पोर्शेने २०१३ साली आपली शर्यतीच्या वळणाची ९११ जीटी३ फक्त पात्यांसह काढली. तिची घड्याळं सरस होती. पण जुन्या ग्राहकांचं मन लागेना. २०१६मध्ये कंपनीने ९११ आर ही फक्त मॅन्युअल गाडी काढली, मोजून ९९१. आणि २०१७च्या जीटी३मध्ये दांड्याचा पर्याय परत दिला.

हे श्रीमंतांचे लाड म्हणून सोडून द्यावेत तर आपल्याकडेही तेच झालं. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१मध्ये दोन रूपांत आली: पात्यांसह डबल क्लच, किंवा आयएमटी. आयएमटीत दांडा आहे पण क्लच पेडल नाही. दांड्याला हात लागला की यंत्र क्लच सोडतं. म्हणजे निर्णय तुमचा, मेहनत अर्धी, वेळ साधणं यंत्राचं. कागदावर हा उपनगरासाठी आदर्श तोडगा होता. २०२३च्या नव्या आवृत्तीत कंपनीने तो काढून सहा गिअरची साधी मॅन्युअल दिली, क्लच पेडलसकट. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस २०२२मध्ये फक्त डबल क्लचवर आली होती. २०२३मध्ये तिचीही मॅन्युअल आली.

याचं उत्तर त्या तीन कामांत आहे. आपण समजतो की चालवण्याचा आनंद निर्णयात आहे. पाती निर्णय तर ठेवतातच. तरी काही हरवतं, ते वेळ साधण्यातलं. घाटात वळणाआधी खालचा गिअर टाकताना कसबी चालक उजव्या पायाच्या पंज्याने ब्रेक दाबतो, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला देतो, इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो आणि नेमक्या क्षणी डावा पाय सोडतो. जमलं तर गाडीला काही कळतच नाही. चुकलं तर ती हिसका देऊन सांगते. तबलजीला समेवर येण्यात जे मिळतं, त्याच जातीचं हे सुख आहे. पातं ओढल्यावर संगणक हा टोला स्वतः देतो, दर वेळी अचूक. जिथे चुकताच येत नाही तिथे साधल्याचं समाधानही नसतं. माणसांनी परत मागितली ती मेहनत नव्हे, ही संधी.

कसब कुणाचं, गाडी कुणाची

मला स्वतःला हे सुख माहीत आहे, आणि तरीही मॅन्युअल हीच ‘खरी’ गाडी असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. बोरिवलीच्या माझ्या एका स्नेह्यांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. त्यांना पूर्वी गाडी चालवायची तर क्लच हाताने दाबायची तरफ वेगळी बसवून घ्यावी लागे. ऑटोमॅटिक गाड्या महागड्या वर्गातच मिळत. दोन पेडलच्या स्वस्त गाड्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी तो सोयीचा नव्हे, प्रवेशाचा प्रश्न सुटला. आज त्यांच्या गाडीला पाती आहेत, आणि माळशेज घाट उतरताना कोणता गिअर हवा हे ते ठरवतात. त्यांच्या चालवण्यात कमअस्सल काय आहे?

इटलीचा आलेस्सांद्रो झानार्डी २००१ साली जर्मनीतल्या अपघातात दोन्ही पाय गमावून बसला. त्याच्यासाठी खास फेरफार केलेली बीएमडब्ल्यू घेऊन तो शर्यतीत परतला आणि २००५ साली जर्मनीतच जागतिक टूरिंग कार स्पर्धेतली शर्यत जिंकला. कसबाला पायच लागतात असं नाही. कसब म्हणजे यंत्राच्या मर्यादेचा अदमास, आणि तो हातांतूनही येतो, कानांतूनही.

दुसऱ्या बाजूला, हे कसब टिकवण्याची काही व्यवस्थाही आपल्याकडे नकळत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ दुचाकीच्या परवान्यात गिअरवाली आणि बिनगिअरची असा भेद करतो. मोटारीच्या परवान्यात करत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे एकच परवाना दोन्हींना चालतो. तरी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गल्लीगल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या अजून बहुतांश क्लचच्याच आहेत, कारण पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला कोणती गाडी मिळेल याची खात्री नसते. म्हणून उपनगरातला मुलगा आजही आधी हाफ क्लच शिकतो आणि नंतर कधीतरी तो विसरायला मोकळा होतो. हा क्रम चांगला आहे. डावा पाय निवृत्त व्हावा, पण नोकरी करून.

गिअरच नाही, पाती आहेत

हा सगळा वाद आणखी किती वर्षं चालेल? विजेच्या मोटारीला जोर मिळायला फेऱ्यांचा पट्टा लागत नाही. ती उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना एकच कायमचा गिअर पुरतो. तरी पाती गेलेली नाहीत. २०२३मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही नव्या रूपात आली तेव्हा स्टिअरिंगमागे पाती होती. ती गिअर बदलत नाहीत, गाडी मंदावताना चाकांकडून किती वीज परत घ्यायची हे ठरवतात. ही गाडी बनते पुण्याजवळच्या रांजणगावला, फियाट आणि टाटा यांच्या सामाईक कारखान्यात. त्याच रांजणगावहून २०१५मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली होती, पाच गिअरची, फक्त मॅन्युअल. दांड्यापासून पात्यांपर्यंत आणि गिअर असण्यापासून नसण्यापर्यंतचा प्रवास एका आवारात आठ वर्षांत झाला. ह्युंदाईने तर परदेशात विकलेल्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत पाती ओढली की खोटे गिअर पडल्यासारखा हिसका आणि आवाज मुद्दाम ठेवला आहे. चालकाला करायला काही उरलं नाही तर गाडी रिकामी वाटते, हे बनवणाऱ्यांनाही कळलं आहे.

या खोट्या हिसक्याला मी हसत नाही, पण तो मला पुरतही नाही. नेक्सॉनची पाती मला जास्त खरी वाटतात, कारण त्यांच्यामागे खरा निर्णय आहे: उतारावर किती अडवायचं, किती वाहू द्यायचं. चालकाकडे एक तरी खरा निर्णय राहावा, आणि तो चुकला तर गाडीने ते त्याला जाणवून द्यावं. एवढं असेल तर गाडी चालवणं उरतं, मग साधन पाय असो की बोट.

म्हणून जो मला विचारतो त्याला मी असं सांगतो. आठवड्याचे सहा दिवस जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावर जात असतील, गुडघे पन्नाशीकडे निघाले असतील, किंवा घरात एकच गाडी असून ती सगळ्यांनी चालवायची असेल, तर पाती घ्या, आणि त्यांच्यामागे कोणतं यंत्र आहे ते विचारून घ्या. वय कमी असेल, रविवारी पहाटे घाट गाठायची हौस असेल आणि चूक करून शिकण्याची तयारी असेल, तर मॅन्युअल आत्ताच घ्या, कारण निवडीची ही खिडकी फार काळ उघडी राहील असं दिसत नाही. आणि मुलांना पहिली गाडी शिकवाल ती मात्र क्लचची शिकवा. पुढे जे यंत्राला सोपवायचं, ते काय आहे हे एकदा आपल्या पायाला कळलेलं बरं.